कोमट पाणी

तिनं टबवर वाकून पाण्याला ओठ लावले. तांब्यातलं थोडं गार पाणी ओतलं, पुन्हा वाकली, पुन्हा ओठ लावले. आता बरं होतं. बाहेरच्या खोलीतून लेकीच्या पावलांचा आवाज आला तशी ती झटकन सरळ झाली. हनुवटीवरून ओघळणारं पाणी तिनं खांद्याला पुसलं आणि मघापासून हेच चाललंय अशा थाटात हात टबात घालून पाणी ढवळू लागली.

“झालं का गं पाणी?” लेकीनं दारातून विचारलं.

“झालंय. आण मॅडमना.”

मॅडम म्हणजे लेकीची लेक. जन्मल्यापासून सगळं घर तिच्या तालावर नाचत होतं, त्यामुळे दुसरं नाव ठेवायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं. लेकीनं तिला दोन्ही हातांच्या घडीत छातीशी गच्च धरून आणलं आणि आईच्या मांडीवर सोपवून ती मोकळी झाली.

“तू बघितलंस ना नीट?”

“बघितलं म्हणजे काय! उकळत्या पाण्यात घालतेय का मी तिला?”

“तसं नाही गं. मग तूच घाल आंघोळ. माझ्या हातून निसटेल.”

लेक ही अशीच. लहानपणी भांडी घासायला सांगितली की हिचं पोट दुखायचं, आणि आता पोटच्या पोरीची आंघोळही आईच्या गळ्यात. आईला याचा राग येत नव्हता. उलट बरं वाटायचं, आणि त्याच वेळी भीतीही वाटायची.

भीती वाटायची ती हातांमुळे. बोटांच्या टोकांपासून वर कोपरापर्यंत तिला काही कळत नसे. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही. कोपराचाही भरवसा नव्हता. एखाद्या दिवशी कळे, एखाद्या दिवशी नाही. म्हणून ती वस्तू डोळ्यांनी धरायची. कप उचलायचा तर बोटं त्याच्याभोवती नीट वळली आहेत का ते बघायचं, मग उचलायचा, आणि खाली ठेवेपर्यंत नजर हलवायची नाही. मॅडमनाही ती तशीच धरायची. आंघोळ होईपर्यंत कुणी कितीही हाका मारल्या तरी मान वर करायची नाही. लेकीला वाटे, नात पाण्यात खेळायला लागली की आजीला जगाचं भान राहत नाही.

हे हात तिनं फोन पुसण्यात घालवले होते. वस्तीच्या वरच्या टोकाला कारखाना होता. तिथं नवे फोन तयार होत, आणि शेवटच्या हॉलमध्ये पांढरे झगे घातलेल्या बायका ओळीनं बसून त्यांच्या काचा पुसत. फडकं बुडवायचं, काच पुसायची, उजेडात तिरकी धरून बघायची, पुढं सरकवायची. आधी स्पिरिट असायचं. स्पिरिट वाळायला वेळ घेई आणि काचेवर रेघ राही. मग दुसरं द्रावण आलं, गोडसर वासाचं, काचेला लागताच उडून जाणारं. काम भराभर होऊ लागलं. नवा फोन बाजारात यायचा असला की जेवायलाही आळीपाळीनं उठावं लागे. धूळ येऊ नये म्हणून हॉलला खिडक्याच ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे वासालाही बाहेर पडायला वाट नव्हती. तिच्या हातची काच इतकी लख्ख निघे की सुपरवायझरनं तिचं नाव ‘चकाचक’ ठेवलं. ते नाव हॉलमधून वस्तीत आलं आणि चिकटून बसलं. टँकरवालासुद्धा तिला चकाचक मावशी म्हणे.

मग एकेकीच्या हातून वस्तू पडायला लागल्या. हाताला लोणी लावून आलीस का, म्हणून सुरुवातीला थट्टा झाली. कारखान्याच्या डॉक्टरनं साखर तपासायला लावली. साखर ठीक निघाली तेव्हा म्हणाला, अशक्तपणा आहे, विश्रांती घ्या. आणि मग विश्रांती घ्यायला त्यांना कायमचं घरी बसवलं गेलं. लेकीला तिनं डोळ्यांचं कारण सांगितलं होतं. डोळे अधू झाले म्हटलं की माणसं हळहळतात आणि विषय सोडून देतात. तेव्हा लेकीचं लग्न ठरलेलं होतं, तिच्या जिवाला घोर नको, एवढाच विचार होता. मॅडम झाल्या तेव्हा गप्प राहायला आणखी एक कारण मिळालं. हात गेलेल्या बाईच्या मांडीवर कोण मूल देणार?

खालच्या टोकाला भंगारवाल्यांची शेडं होती. तिथं जुने फोन फोडत आणि तारा जाळून त्यातलं तांबं काढत. संध्याकाळी खालून वारा सुटला की घशात खवखव व्हायची आणि सगळी गल्ली खिडक्या लावून घ्यायची. विहिरीच्या पाण्याला तो ओळखीचा गोडसर वास येऊ लागल्यापासून पिण्याचं पाणी टँकरनं येत होतं. नवे फोन वर, जुने फोन खाली, आणि मधल्या गल्लीत माणसं, असा सगळा मामला होता. तरी कारखान्याविरुद्ध कुणी फारसं बोलत नसे, कारण घरटी एक जण तरी तिथं कामाला होताच.

नवरा गेला आणि लेक सासरी गेली, तेव्हापासून ती या खोलीत एकटी होती. एकटेपणाचे उद्योगही तिनं शोधून काढले होते. दुकानात मीठ आणायला जायची आणि काडेपेटी मुद्दाम विसरायची, म्हणजे पुन्हा जाऊन दोन शब्द बोलता येत. लेक रविवारी व्हिडिओ कॉल करी. आई फोन डब्याला टेकवून ठेवी, हातात धरत नसे. बोलणं संपलं की काळ्या काचेत आपलाच चेहरा उरे. त्यावरचा डाग ती सवयीनं बाहीनं पुसून टाकायची, आणि मग बराच वेळ करण्यासारखं काही नसायचं.

बाळंतपणासाठी लेक आली आणि घराला आवाज आला. दोरीवर लंगोट, कोपऱ्यात खुळखुळे, लेकीची कटकट, मॅडमचं भोकाड. आईला या पसाऱ्याची इतकी चटक लागली होती की आवरायला घेतलं तरी ती निम्मंच आवरायची.

त्या आठवड्यात जेवताना लेक म्हणाली, “आई, बदली झाली बघ माझी. इथल्या कारखान्यात.”

लेक त्याच कंपनीच्या लांबच्या कारखान्यात कामाला होती, पॅकिंगमध्ये. निदान आईला तेवढं माहीत होतं.

“म्हणजे तू इथंच राहणार?”

“इथंच. सोमवारपासून. सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी येईल, संध्याकाळी सोडेल. तू आहेस म्हणून जमतंय. नाहीतर मॅडमना सासूबाईंकडे ठेवायचं आणि मीही तिकडंच राहायचं, असं चाललं होतं.”

“आणि जावई?”

“ते काय, सदा कंटेनर घेऊन रस्त्यावर. महिन्यातून एकदा तोंड दाखवतात. ते इथं येऊन दाखवतील.”

आई हसली. घास हातात तसाच राहिला होता. तिला वाटलं, उठून शेजारीपाजारी सांगत सुटावं.

“पॅकिंगलाच ना?” तिनं विचारलं.

“नाही. पुसायच्या हॉलला.” लेक ताटाकडे बघत होती. “तुझ्याच हॉलमध्ये की. बसून काम, वर एसी. उभं राहून पाय दुखण्यापेक्षा बरं.”

“आणि ते द्रावण?”

“बदललंय म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात. तू जेव ना.”

आई जेवली. त्या रात्रीपुरतं तिनं ते मानूनही टाकलं. कारखाने सुधारतात, माणसं शिकतात, कुणीतरी तक्रार केली असेल, द्रावण बदललं असेल. मानायचं ठरवलं की किती म्हणून आधार सापडतात.

शेजारच्या खोलीत शिवणकाम करणारी बाई राहायची. या हातांचं गुपित तिला एकटीलाच ठाऊक होतं, कारण एकदा गप्पा मारता मारता आईनं तिच्या तापलेल्या इस्त्रीवर तळवा टेकला होता, आणि वास आल्यावर शिवणवालीनंच तो उचलला होता. मॅडमचं झबलं उसवलं म्हणून आई तिच्याकडे गेली.

“तुमची पोर हॉलला जाणार, असं ऐकलं,” शिवणवाली मशीन न थांबवता म्हणाली. “सांगितलंत का तिला?”

“सांगायचंय.”

“कधी? तिच्या हातून कात्री पडायला लागल्यावर?”

“अगं, द्रावण बदललंय.”

“कुणी बघितलं?”

आईनं झबलं मशीनच्या कडेला ठेवलं.

शिवणवालीनं मशीन थांबवलं. “मावशी, राग मानू नका. तुम्हाला लेक-नात घरात हव्या आहेत, म्हणून ते द्रावण बदललंय.”

आईला राग आला. तिनं झबलं तसंच उचललं, आणि दार ओढताना ते हातातून कधी निसटलं ते तिला कळलंही नाही. शिवणवालीनं ते उचलून मागून आणून दिलं. आईनं ते काखेत धरलं. घरी येऊन ती नातीजवळ बसून राहिली. शिवणवाली खोटं बोलली असती तर राग कधीच निवळला असता. सांगितलं तर लेक हॉलला जाणार नाही, आणि मॅडमना अशा हातांत सोडणारही नाही. सामान बांधेल आणि सासूकडे जाईल. मग पुन्हा मीठ, पुन्हा काडेपेटी. नाही सांगितलं तर दोघी इथंच राहतील, आणि लेकीचे हात तिथं जातील. हे सगळं तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यात चुकून दुसरी काही वाट राहून गेली आहे का, हेच ती शोधत होती.

शनिवारी तिला कणकण होती. ओठ फुटले होते, तापानं चुरचुरत होते. पाण्याला लावले तर पाणी गारच वाटलं. तिनं आणखी गरम पाणी ओतलं, तरी खात्री होईना. कधी नव्हे ते तिनं लेकीला हाक मारली.

“अगं, जरा बघ गं पाणी. मला सर्दीनं काही समजत नाही.”

लेक दारात क्षणभर थांबली. मग आली, टबात हात घातला, फिरवला.

“ठीक आहे की,” ती म्हणाली. “चालेल.”

मॅडमचा पाय पाण्याला लागला आणि तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून शिवणवालीचं मशीनही पलीकडे थांबलं. आईनं तिला तसंच वर उचललं. पाऊल लालबुंद झालं होतं. गार पाणी, ओलं फडकं, पुन्हा गार पाणी. कातडीला काही झालं नव्हतं. घटकाभरात लाली उतरली आणि पोर हुंदके देत झोपली. लेक भिंतीला टेकून बसली होती.

“मी बघितलं होतं ना,” ती परत परत म्हणत होती. “मी बघितलं होतं.”

“तुझी नाही चूक,” आई म्हणाली. “मी कालवलं होतं पाणी.”

आईला वाटलं, ही पोर आपल्यावर इतकी विसंबलीय की हात घातला काय न घातला काय, ‘आईनं केलंय म्हणजे बरोबरच’ म्हणून मोकळी झाली. या विश्वासाची तिला लाज वाटली. इतकी लाज तिला फार दिवसांत वाटली नव्हती. दुपारभर ती नातीच्या पावलाकडे बघत बसली. आपल्या एकटेपणापायी आज हे पाऊल भाजलं असतं, हे तिनं मनातल्या मनात नीट, पूर्ण वाक्यात म्हटलं. म्हटल्यावर पुढचं ठरवायला वेळ लागला नाही.

रविवारी सकाळी मॅडम झोपेत होत्या. लेक उद्याच्या कामाचे कपडे काढून ठेवत होती. झग्याची बटणं लावायला तिला वेळ लागत होता. शेवटचं तिनं दातांनी ओढून लावलं. आईनं मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, टब मोरीत सरकवला आणि गार पाण्याचा थेंबही न घालता सगळं गरम पाणी त्यात ओतलं. वाफ तिच्या तोंडावर आली.

“जरा इकडे ये.”

“आताच आंघोळ? ती झोपलीय अजून.”

“तिची नाही. तू ये.”

लेक येऊन उभी राहिली. आईनं बाह्या वर केल्या, उकिडवी बसली आणि दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पाण्यात घातले.

“आई!” लेक खाली बसली. “अगं, वाफ बघ किती येतेय! काढ हात!”

तिनं पाण्यात हात घालून आईची मनगटं धरली आणि ओढायला लागली. आईनं ताकद लावून हात तसेच ठेवले.

“थांब. ओढू नकोस. मला बोलू दे आधी.”

“हात काढ ना, मग बोल!”

“मला काही लागत नाहीये. तेच सांगायचंय. बघ माझ्या तोंडाकडे. दिसतंय का काही? कळतच नाही मला. डोळे-बिळे काही अधू नव्हते माझे. हात गेलेत. त्या हॉलमध्ये गेले. तुझ्या लग्नाच्या आधीच.” तिनं एका दमात सांगितलं, आणि एकदा सुटल्यावर तिला थांबता येईना. “पाणी मी तोंडानं बघते. काल ताप होता म्हणून फसले. तुझ्या पोरीला मी रोज डोळ्यांनी धरते, आणि एखाद्या दिवशी नजर हलली म्हणजे? तू जा तिकडं, सासूकडं जा. मला एकटीला सवय आहे. नाही सवय, पण होईल. पण त्या हॉलला जाऊ नकोस. त्यांनी बदललंय म्हटलं तरी जाऊ नकोस. मी सांगणार नव्हते तुला. तू राहावीस म्हणून सांगणार नव्हते, इतकी मी वाईट.”

लेक आईच्या तोंडाकडे बघत होती आणि तिची बोटं आईच्या मनगटांभोवती तशीच होती. पुसलेल्या काचा उजेडात जशा तिरक्या धरून बघायची, तशी मान किंचित कलती करून आईनं टबात पाहिलं. चारही हात पाण्यात होते. लेकीच्या हातांची कातडी बोटांपासून वर लाल होत आली होती. वाफ अजून निघत होती. लेकीनं हात काढले नव्हते.

“तुझे हात,” आई म्हणाली.

लेकीनं खाली पाहिलं. मग घाईघाईनं हात वर काढले, उशीर झाल्यावर काढतात तसे.

आईनं मोरीतल्या बादलीतलं गार पाणी तांब्यानं घेतलं. एका हाताला दुसऱ्याची साथ देत ते तिच्या हातांवर ओतलं, मग स्वतःच्या, मग पुन्हा तिच्या.

“मला वाटलं, बाळंतपणानं होतं असं,” लेक म्हणाली. “अंग हलकं झालं की जाईल.”

“पॅकिंगमध्ये होतीस ना तू?”

“पॅकिंगमध्ये मी कधीच नव्हते, आई.”

“पहिल्यापासून पुसायलाच?”

“त्या हॉलचं नाव काढलं की तू गप्प व्हायचीस. म्हणून पॅकिंग म्हटलं.” ती हातांकडे बघत होती. “काल मी खरंच हात घातला होता गं. मला वाटलं, ठीक आहे.”

बाहेरच्या खोलीत मॅडमनी कूस बदलली, थोडी कुरकुर केली आणि पुन्हा झोपल्या. दोघींनी कान देऊन ऐकलं.

“उद्या गाडी येईल,” लेक म्हणाली.

“येईल आणि जाईल.”

आईनं लेकीचा हात मांडीवर घेतला. बोट कुठं टेकतंय ते नीट बघून तिनं तिच्या करंगळीचं टोक दाबलं.

“कळतंय?”

“नाही.”

तळव्याच्या मध्यावर दाबलं. “इथं?”

“नाही.”

अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. लेकीनं नाही म्हणून मान हलवली. आई हळूहळू वर सरकत होती. लेकीनं डोळे मिटून घेतले होते. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं निळ्या शिरा दिसतात, तिथं बोट आलं तेव्हा ती म्हणाली, “थांब.”

“इथं?”

“इथं कळतंय.”

“नक्की? माझ्यासाठी म्हणू नकोस.”

“नाही गं. कळतंय. तुझं बोट आहे.”

आईनं पुन्हा दाबलं. तिला स्वतःला त्या मनगटाचं काही कळत नव्हतं; ऊन की गार, नाडी चालतेय की नाही, काही नाही. तिनं बोट तिथून हलवलं नाही आणि नजरही हलवली नाही.